देव मराठीत बोलतो का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी मार्कंडा येथे केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, तीही चंद्रपूरला, आजीच्या घरी राहून. लग्न होऊन मार्कंड्याला आले त्याला चोवीस वर्षे झाली. या चोवीस वर्षांत चारचौघांत उभी राहून बोलले ती दोनदाच. एकदा ग्रामसभेत नळासाठी आणि एकदा एका कंडक्टराशी, आणि दोन्ही वेळा रागाच्या भरात. आज राग नाही, म्हणून पाय जरा कापत आहेत. सांभाळून घ्यावे.

दर वर्धापनदिनी एका भगिनीने आपल्या घरच्या उपासनेविषयी बोलायचे असा आपला रिवाज आहे. मागे महाशिवरात्रीच्या उपासावर बोलणे झाले, गेल्या वर्षी बुद्धवंदनेवर झाले. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "वहिनी, गावात तुमचे एकच ख्रिस्ती घर. तुम्हीच बोला." मी नाही म्हणणार तेवढ्यात त्यांनी आणखी विचारले, "तुम्ही डोळे मिटून बसता आणि देव बोलतो म्हणता. तो मराठीत बोलतो का हो?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर भाकरी थापताना तोच प्रश्न डोक्यात. प्रश्न गमतीचा असला तरी खोटा नव्हता.

एका अर्थाने उत्तर सोपे आहे. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हापासून पवित्र शास्त्र आमच्या लोकांच्या भाषेत आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात स्वतः इब्री आणि ग्रीक भाषा शिकून सगळ्या शास्त्राचे भाषांतर केले. बाई संस्कृतच्या एवढ्या पंडिता, पण त्यांचा हट्ट असा की, कमी शिकलेल्या बाईला वाचून कळेल असेच मराठी हवे. ते छापण्याचे कामही मुक्तीतल्या बायकामुलींनी केले. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या, तोवर त्या या कामाला जुंपलेल्या होत्या. माझ्यासारख्या सातवीवालीची सोय त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवली, हे मनात आले की मला फार बरे वाटते.

पण चिटणीसबाईंचा प्रश्न पुस्तकाचा नव्हता. सकाळी मी गॅस पेटवण्याआधी भिंतीला पाठ लावून पाच-दहा मिनिटे बसते, तेव्हा काय होते, असा त्यांचा प्रश्न होता.

खरे सांगायचे तर बहुतेक दिवशी काहीच होत नाही. दूधवाला येतो, कोंबडा ओरडतो, दाळ भिजत घालायची राहिली हे आठवते. कानात आवाज येत नाही, उजेड दिसत नाही. आमच्या शास्त्रात एलीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. जिवाच्या भीतीने पळून तो डोंगरावरच्या गुहेत जाऊन बसला. तेथे वादळ झाले, भूकंप झाला, आग झाली. देव त्या कशातही नव्हता. मग अगदी मंद, जवळजवळ न ऐकू येणारा आवाज आला, तेव्हा त्याने तोंडावर झगा ओढून घेतला. आपल्या मार्कंडेश्वराच्या शिखरावर मागे केव्हा तरी वीज पडली असे जुनी माणसे सांगतात. विजेची गोष्ट लोक शेकडो वर्षे लक्षात ठेवतात. मंद आवाजाची आठवण कोण ठेवणार?

त्या मंद आवाजाची एक गोष्ट माझ्या घरची आहे, ती आज सांगते. त्यात माझी लाज आहे. दुसरी जी बाई त्यात आहे ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे. त्यांना विचारूनच सांगते आहे. "सांग, पण मले फार भांडखोर नको करू," एवढीच अट त्यांनी घातली आहे.

२०१० सालच्या पावसाळ्यात आमचे आणि शेजारच्या काकूंचे भांडण झाले. कारण काय, तर आमच्या छपराचे पाणी त्यांच्या अंगणात पडे. मोठा पाऊस आला की त्यांच्या उंबऱ्यापाशी डबके साचे. एक दिवस त्यांची सरपणाची मोळी भिजली आणि त्या कुंपणाशी येऊन बोलू लागल्या. मी उलट बोलले. शब्दाने शब्द वाढला आणि त्या आम्हाला 'बाटगे' म्हणाल्या. ज्यांना हा शब्द कोणी कधी म्हटला नाही त्यांना तो कसा लागतो हे कळायचे नाही. माझ्या आजीने तो आयुष्यभर ऐकला होता. मग मीही बोलले. काय बोलले ते इथे उच्चारत नाही. ते त्यांच्या लेकीबद्दल होते आणि त्यांच्या शब्दापेक्षा वाईट होते, एवढे पुरे. त्या एकदम गप्प झाल्या आणि घरात गेल्या. मी जिंकले असे मला वाटले.

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तुमच्यापैकी पुष्कळजणींना हे आठवत असेल. नळावर त्या आल्या की मी घागर अर्धी भरून निघून यायची.

आता प्रार्थनेकडे येते. प्रभू येशूने शिष्यांना एक प्रार्थना शिकवली, ती आम्ही लहानपणापासून रोज म्हणतो. इतकी पाठ असते की जीभ आपोआप चालते. त्यात क्षमेचे एक मागणे आहे, पण ते अटीचे मागणे आहे: आपण दुसऱ्याला ज्या मापाने क्षमा केली त्या मापाने आपल्याला मिळावी. भांडणानंतर काही दिवसांनी माझ्या लक्षात आले की ती ओळ आली की माझी जीभ घाई करते. भाकरीचे मागणे नीट म्हणायची, मोहाचे मागणे नीट म्हणायची, मधली ओळ मात्र गिळून टाकायची. खडबडीत रस्त्यावर नेमक्या एका खड्ड्यापाशी बैलाने रोज अंग चोरावे तसे. एकदा माझ्या धाकट्या लेकीने विचारले, "आई, इथे तू हळू का बोलतेस?" मी तिला गप्प केले.

आज मी म्हणते की, देवाचा आवाज तोच होता. तो काही नवे सांगत नव्हता. जे मला ठाऊक होते आणि ऐकायचे नव्हते, तेथे तो रोज बोट ठेवत होता. पण तेव्हा मला तसे वाटले नाही. उलट मी देवाला काकूंच्या तक्रारी सांगायची, आणि तो माझ्या बाजूचा आहे असे धरून चालायची.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आजीच्या पेटीत होते, ते मी लहानपणी दोनदा वाचले. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, हे आपल्या नागपूरकडे नोकरीला होते. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला, आणि १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे काही वर्षांनी त्या यजमानांकडे परत आल्या खऱ्या, पण त्यांनी आपले सोवळे काही सोडले नाही. मग एक दिवस एकट्या बसल्या असता त्यांच्या मनात विचार आला की, पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसांच्या जाती कोणी केल्या? तेवढ्या एका विचाराने सगळे गळून पडले, आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. ना कोणी उपदेश केला, ना घंटा वाजली. मला त्यातले एवढेच सांगायचे आहे की, तो विचार देवाचा होता की त्यांचा स्वतःचा, हे त्यांनी पुढे काय केले त्यावरून कळते. त्यांनी पाण्याचा पेला हातात घेतला. मी हे पुस्तक दोनदा वाचले होते आणि तरी नळावरून अर्धी घागर घेऊन येत होते.

२०११ च्या सप्टेंबरात रोवणी आटोपून गेली होती. हे गवंडीकामाला नागपूरला गेले होते. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. घरात तापाची गोळी होती ती दिली, ओल्या फडक्याने अंग पुसले आणि रात्री उशाशी बसून प्रार्थना केली. प्रार्थना करता करता मन अगदी शांत झाले. 'काही होणार नाही' असे आतून वाटले. मी म्हटले, झाले, देवाने उत्तर दिले. सकाळी ताप उतरलाही. तो पेज प्याला, अंगणात जाऊन बसला. मी देवाचे आभार मानले आणि दवाखान्याचे नाव काढले नाही.

हिवताप असाच चढतो-उतरतो हे आज मला पाठ आहे. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात जंगल आणि पाणी दोन्ही भरपूर, त्यामुळे हा ताप आपल्याला नवा नाही. आणि त्यातली एक जात मेंदूपर्यंत जाते, हेही आपल्या आशाताईंनी मंडळात कितीदा सांगितले आहे. पण आदल्या रात्रीची शांती मी देवाची मानली होती. ती माझीच होती. पैसे हातात नव्हते, हे घरी नव्हते, रात्री गाडी कोणाला मागायची तर ज्यांच्याकडे गाडीची सोय होती त्यांच्याशी अबोला. माझ्या मनाला जे सोयीचे होते तेच मनाने मला सांगितले आणि मी त्यावर देवाची सही केली.

दुसऱ्या रात्री ताप पुन्हा चढला आणि मुलगा बरळू लागला. मला ओळखीना. मी दाराला कडी लावली, लेकीला जवळ घेतले आणि गुडघे टेकले. त्या रात्री मी जशी प्रार्थना केली तशी आधी कधी केली नव्हती. 'प्रभू, बोल. काय करू ते सांग,' असे मी मोठ्याने म्हणत होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

मला राग आला. खरेच सांगते, राग आला. एवढ्या मोठ्या प्रार्थनेच्या मध्ये कोण आले? मी उठले नाही. पुन्हा थाप पडली. मी आवाज आणखी मोठा केला. तिसऱ्यांदा दार नुसते वाजले नाही, हलले. लेक म्हणाली, "आई, काकूंचा आवाज आहे." मी उठून कडी काढली. काकू डोक्यावर पोते घेऊन पावसात उभ्या होत्या, हातात बॅटरी. चौदा महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या ते असे: "प्रार्थना मंग कर. पोरगा बरळून रायला, भिंतीपलीकडून ऐकून रायली मी."

त्यांनी आधीच आपल्या मुलाला आशाताईंकडे पिटाळले होते. आशाताई आल्या, मुलाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्या पट्टीवर घेतला. पंधरा-वीस मिनिटे थांबायचे असते. त्या वेळात मी काहीतरी बोलावे म्हणून म्हणाले, "काकू, मी देवाला मागतेच आहे." त्या मुलाचे पाय चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे मार्कंडाचं गाव आहे बाई. इथं पोराले यम नेत नाही. पण दवाखान्यात तर न्यावंच लागते ना!"

पट्टीवर नको ती रेघ उमटली. काकूंच्या भाच्याच्या टेम्पोत घालून आम्ही त्याला रात्रीच नेले. काकू माझ्या लेकीला घेऊन घरी थांबल्या आणि पहाटे देवळात जाऊन मार्कंडेश्वरासमोर माझ्या मुलासाठी बसल्या, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. दवाखान्यात पाच दिवस राहावे लागले. आणखी एक रात्र घरी काढली असती तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. तो आज चोवीस-पंचवीस वर्षांचा आहे आणि आईचे काही ऐकत नाही.

दवाखान्यात खाटेजवळ बसल्या बसल्या मला शमुवेलाची गोष्ट आठवली. शमुवेल हा लहान मुलगा मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाजवळ राहत असे. रात्री देवाने त्याला हाक मारली. पोर उठले आणि धावत एलीकडे गेले, तुम्ही मला हाक मारलीत ना म्हणून. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेस कुठे त्याने देवाला ओ दिली. लहानपणी आम्हाला वाटे, किती वेडा मुलगा, देवाचा आवाज ओळखत नाही! त्या दिवशी माझ्या लक्षात आले की, देवाचा आवाज त्या पोराला अगदी घरातल्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखा वाटला असला पाहिजे. नाहीतर तो तीन-तीनदा एलीकडे कशाला धावला असता? शमुवेलाने निदान हाक आली की धाव घेतली. मी 'बोल, बोल' म्हणत होते आणि बोलणाऱ्याला बाहेर पावसात उभे ठेवले होते. आवाज मराठी होता, चिटणीसबाई. आपल्या झाडीकडचा मराठी होता.

परत आल्यावर मी काकूंकडे गेले. त्या ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. जाताना तोंडात पुष्कळ शब्द जमवले होते, त्यातला एकही निघाला नाही. त्यांच्या लेकीसमोर उभी राहिले आणि रडू आले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. काकूंनी सूप खाली ठेवले आणि पाण्याचा गडू पुढे केला. मी प्याले. लेकीने बोलायला आणखी वर्ष घेतले, आणि तेवढे घ्यायचा तिला हक्क होता.

हे नागपूरहून आले तेव्हा त्यांनी छपराला पत्र्याची पन्हाळ बसवली आणि पाणी आमच्याच परसात वळवले. सहाशे रुपये आणि अर्ध्या दिवसाचे काम. भांडण झाले त्याच दिवशी मला ठाऊक होते की एक पन्हाळ लावली की मिटेल. चौदा महिने रोज सकाळी देवापुढे बसले, आणि देव बहुधा पन्हाळ-पन्हाळ म्हणत होता. मी त्याच्याकडून काही मोठे ऐकायची वाट पाहत होते.

चंद्रपूरला एका उपासनेत पाद्रीसाहेबांनी ब्रदर लॉरेन्स यांची माहिती सांगितली होती. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात हा माणूस स्वयंपाकघरात राबत असे. भांडी आणि धूर यांच्यामध्येही देव आपल्याजवळ तितकाच असतो, जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर, असे त्याचे म्हणणे होते. मोठमोठी माणसे त्याला भेटायला येत. मला हे ऐकून बरे वाटले, आणि थोडा हेवाही वाटला, कारण मठात लहान मुले नव्हती.

आता मी काय करते ते सांगते. प्रार्थनेत मन भटकते, ते मी पूर्वी ओढून आणायची. आता आधी पाहते की ते गेले कुठे. कोणाचे नाव आपोआप आले तर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते आणि जमेल तर त्याच दिवशी तिच्याकडे जाऊन येते. दर वेळी काही चमत्कार होतो असे समजू नका. मागे एकदा पलीकडच्या आळीतल्या आजींचे नाव दोन दिवस सारखे येत होते. मला वाटले, आजी पडल्या-बिडल्या असतील. धावत गेले तर आजी मजेत टीव्ही पाहत होत्या, आणि मध्ये बोलू नको म्हणून मलाच दटावले. असो. चहा मात्र मिळाला.

आतून येणारे बोलणे देवाचे की आपले, ही शंका मला अजून येते. सप्टेंबरच्या त्या रात्रीपासून 'काही होणार नाही' या शांतीवर माझा विश्वास उडाला आहे. जे ऐकून मला उठावे लागत नाही, कडी काढावी लागत नाही, ते मी आता दुसऱ्या कोणाला तरी विचारून पाहते. ह्यांना विचारते, पाद्रीसाहेबांना फोन करते, आणि काकूंनाही विचारते. काकूंचा देव निराळा आणि माझा निराळा असे म्हणा, पण माझे मन मला फसवते कुठे, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर दिसते.

आणि सगळ्याच गोष्टींना उत्तर मिळते असेही मी म्हणणार नाही. माझा थोरला भाऊ दारूत बुडाला आहे. त्याच्यासाठी बारा वर्षे रोज मागते आहे. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, पण ज्याला हवी त्याला मिळते, हे काय मी तुम्हाला सांगावे! त्याच्याविषयी मला आजवर एक शब्दही ऐकू आलेला नाही. थापही नाही, अडखळणारी ओळही नाही. मी त्याचे नाव घेते आणि थोडा वेळ गप्प बसते. माझ्या वहिनीला मात्र दर महिन्याला तांदूळ पाठवते. तो आवाज ऐकून पाठवते की नुसत्या मायेने, मला ठाऊक नाही. तांदूळ पोचतात.

पन्हाळीचा एक सांधा गेल्या पावसाळ्यापासून गळतो आहे. काकू कुंपणावरून रोज आठवण करून देतात. हे म्हणतात, दिवाळीनंतर करू. मघापासून काकू मला खूण करीत आहेत, ती पन्हाळीची नसून चहा निवतो आहे याची असावी.